एका चौकटीत बारा वर्षे: कथाचित्रात लोककथा, रूपक आणि इतिहास कसे बसवायचे?

चौकट
कथाचित्रे रंगवणाऱ्या आणि आवडीने बघणाऱ्या पुण्यातल्या मंडळींसाठी हा धागा. विषय खंडोबा आणि बानू. कापडावर तैलरंग, चार फूट उंच, सहा फूट रुंद.

कथा थोडक्यात अशी. सारीपाटात म्हाळसेकडून हरल्यावर देव बारा वर्षे घराबाहेर पडतो, चंदनपुरीला बानूकडे मेंढरे राखायला राहतो. एके दिवशी सगळी मेंढरे मारतो आणि लग्नाच्या बोलीवर ती पुन्हा उठवतो. मग बानूला घेऊन जेजुरीला येतो आणि म्हाळसा-बानूचा तंटा सुरू होतो. वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत यातला बराच भाग आजही ऐकू येतो.

प्रश्न तीन आहेत. बारा वर्षे एका चौकटीत कशी आणायची? रूपक म्हणून काही वस्तू ठेवल्या आणि बघणाऱ्याला त्या कळल्या नाहीत, तर त्या नुसती अडगळ होतात का? आणि देवाच्या कथेत कपडे, शस्त्रे, झाडे कोणत्या काळातली घ्यायची?

माझे मत आधीच सांगतो. राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनी आपल्याला कथेतला एकच क्षण बघायची सवय लावली. लोणावळ्याजवळ मळवलीच्या त्यांच्या छापखान्यातून निघालेली चित्रे घराघरात गेली आणि कथा सांगायच्या त्याआधीच्या पद्धती मागे पडल्या. त्या परत वापरता येतील का?

पिंगुळीची पोथी
येतील, पण त्या पद्धती कशाच्या आधाराने उभ्या होत्या ते आधी बघा. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत एका प्रसंगाला एक सुटा कागद असतो. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवतात आणि अशा कागदांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक पान पुढे धरतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. पान उलटले की काळ पुढे सरकतो. थोडक्यात, काळ दाखवायचे काम चित्राकडे नसतेच, ते गळ्याकडे असते.

म्हणून ही चित्रे इतकी मोकळी राहू शकतात. मागे डोंगर नाही, आकाश नाही. माणसे कागदाच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत भरलेली, चेहरा एका बाजूने, डोळा मोठा, बाह्यरेषा जाड. शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात या प्रकारची, पैठण शैली म्हणून ओळखली जाणारी चित्रे आहेत. ती बघताना एक गोष्ट तपासा: दोन माणसांच्या मध्ये किती जागा सोडली आहे. लढाईत अंग अंगाला भिडते, संवादात दोघांमध्ये हाताचा पंजा मावेल एवढी मोकळी जागा असते आणि सगळे बोलणे त्या जागेत हातांच्या मुद्रांनी होते.

तुमच्या कापडाशेजारी गाणारा कोणी नसणार. त्यामुळे चित्रकथीतून आकृती, रेषा आणि हातवारे घ्या. प्रसंगांची मांडणी मात्र दुसरीकडून घ्यावी लागेल.

लेणीवाला
ती अजिंठ्याहून घ्या. सतराव्या लेण्यातले विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची एक कथा, बघा. राजपुत्र पुन्हा पुन्हा येतो: नगरातून निघताना, रथ-घोडे दान करताना, अरण्यात, मुले जूजक नावाच्या ब्राह्मणाच्या हवाली करताना. चौकटी कुठेच नाहीत. एक प्रसंग संपून दुसरा सुरू झाला हे खांब, दार, झाड किंवा पाठ फिरवून उभी असलेली आकृती सांगते. आणि अजिंठ्यात बऱ्याच ठिकाणी प्रसंग काळाच्या क्रमाने नसून जागेच्या क्रमाने मांडलेले आहेत. राजवाड्यात घडलेले सगळे एका भागात, अरण्यातले सगळे दुसऱ्या भागात, मग कथेत ते मागेपुढे असले तरी.

तुमच्या कथेला अशा तीन जागा आयत्याच मिळाल्या आहेत. जेजुरीला देव आणि म्हाळसा गडावर, बानाईचे देऊळ पायऱ्यांच्या वाटेवर मध्येच, आणि खाली माळ. वर सारीपाट, खाली मेंढरे, मध्ये बानू. खंडोबा तीनदा. चार बाय सहा फुटांत एका माणसाची तीनाहून जास्त रूपे घेऊ नका. प्रत्येक आकृती फूटभराहून लहान होते आणि हावभाव वाचता येत नाहीत.

खडूफळा
तीनदा खंडोबा दाखवला तर आमच्या पेठेतली मंडळी विचारतील, "हे तिघे सख्खे भाऊ की चुलत?"

लेणीवाला
खडूफळा, हसण्यावारी नेण्यासारखी शंका नाही, चित्र नेमके इथेच फसते. उपाय असा: कपडे बदलले तरी एक खूण तिन्ही ठिकाणी तीच ठेवायची. गडावर भरजरी पोशाख, माळावर घोंगडी, पण कपाळावरचा भंडारा तिन्हीकडे त्याच पिवळ्या रंगाचा आणि तो पिवळा चित्रात दुसऱ्या कोणालाही द्यायचा नाही. बानूच्या लुगड्यात पिवळी किनार घातली की खूण मेली.

दुसरे, आकृत्यांच्या आकारात ठळक फरक ठेवा. मुख्य प्रसंगातली आकृती बाकीच्यांच्या किमान दीडपट हवी. तिन्ही सारख्या उंचीच्या झाल्या तर डोळा त्यांना एकाच वेळी हजर असलेली तीन माणसे समजतो.

बडोदेकर
यावर आधुनिक दाखला भूपेन खक्कर यांचा, १९८१ चे 'यू कान्ट प्लीज ऑल'. पुढे गच्चीत विवस्त्र उभा माणूस, आणि तो जे बघतोय त्यात बाप, मुलगा आणि गाढवाची जुनी गोष्ट. तीच माणसे अनेकदा येतात. घोटाळा होत नाही, कारण प्रत्येक वेळी गाढव सोबत असते. लोककथा तिथे सजावटीसाठी नाही. लोक काय म्हणतील याला घाबरून जगणाऱ्याची ती गोष्ट आहे आणि गच्चीतल्या माणसाचा प्रश्नही तोच आहे. बघणाऱ्याला गोष्ट लहानपणापासून पाठ असल्याने चित्रकाराला ती समजावत बसावे लागले नाही.

चौकट यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. रूपकासाठी नवी वस्तू आणून ठेवू नका. कथेत आधीपासून असलेल्या वस्तूला जागा द्या.

काळवेळ
तिसऱ्या प्रश्नाकडे. देवाला कोणत्या काळाचे कपडे घालायचे हे तुमच्या हातात आहे. टाकांवर (देव्हाऱ्यातल्या धातूच्या छोट्या देवप्रतिमांवर) आणि जुन्या चित्रांत प्रत्येक पिढीने त्याला आपल्या काळातल्या सरदाराचा वेश दिला. पण एकदा काळ निवडला की त्या भागात तो पाळा. सतराव्या शतकातला स्वार घेतला तर डोक्यावर पेशवाईतली चक्री पगडी नको. तलवारीतही तसेच: धोप सरळ पात्याची, शमशेर वाकडी. दोन्ही एका फौजेत चालतील, पण एकाच हातातली तलवार वरच्या प्रसंगात सरळ आणि खालच्या प्रसंगात वाकडी नको.

सगळ्यात जास्त चुका झाडांत होतात. आज जेजुरीच्या वाटेवर बसून रेखाटने केली तर ग्लिरिसिडिया, घाणेरी, घायपात, सुबाभूळ, गुलमोहर हेच कागदावर येणार. गुलमोहर मादागास्करचा, बाकीचे अमेरिकेतून आलेले. फड्या निवडुंगही अमेरिकेचाच. जुना माळ हवा तर बाभूळ, हिवर, बोर, आपटा घ्या. निवडुंगच हवा असेल तर त्रिधारी. बानूच्या वाड्यापुढे मक्याची कणसेही नकोत.

आणि मेंढरे. युरोपीय चित्रांची सवय असलेला हात पांढरी, गुबगुबीत मेंढरे काढतो. दख्खनी मेंढी मुख्यतः काळी, कधी पांढरे ठिपके, पाय लांब, नाकाचा उंचवटा स्पष्ट. लोकर आखूड आणि राठ, घोंगडी त्याच लोकरीची. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे नवी घोंगडी मऊ शालीसारखी अंगावर पडत नाही. तिच्या घड्या कोनाकोनात मोडतात. अशा चार घड्या बरोबर आल्या तर धनगरवाड्यातला बघणारा चित्रावर विश्वास ठेवतो.

रेघ
काळवेळ, झाडांचे पटले. पण तपशील अचूक म्हणजे चित्र खरे, असे कोणी धरू नये. पुण्याचेच उदाहरण देते. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारात १७९० चा तह करतो आहे, हे थॉमस डॅनियलचे मोठे तैलचित्र. बघताना वाटते की चित्रकार कोपऱ्यात बसून रंगवत होता. प्रत्यक्षात ते १८०५ चे, विलायतेत पुरे झालेले. आधार होता चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांचा आणि वेल्स १७९५ मध्येच वारला होता. पगड्या, गालिचे, बैठकी बारकाईने आहेत. तरी गर्दीत सगळ्यांच्या नजरा कुठे वळवायच्या आणि उजेड कोणावर पाडायचा हे डॅनियलने ठरवले. इतिहासचित्रात मत कपड्यांतून येत नाही, नजरांच्या दिशेतून येते. सहा चेहरे एका माणसाकडे वळवले की न बोलता त्याला मोठे केले.

खंडोबाच्या चित्रात बानू कोणाकडे बघते आहे हे ठरल्याशिवाय एकाही पगडीचा अभ्यास करू नये, असे मला वाटते.

काळवेळ
रेघ, नजरांचा मुद्दा मान्य. पण वस्तूंचा अभ्यासही अर्थ देतो. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनने सिंहासनाभोवतीच्या वस्तू टिपून ठेवल्या आहेत. सोनेरी भाल्यांच्या टोकांवर एका बाजूला मोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखे, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या, आणि एका उंच भाल्यावर समतोल सोन्याचा तराजू. तराजू न्यायाचे चिन्ह, हे त्यानेच लिहिले. चित्रकार धुरंधरांपासून पुढे अनेकांनी हा प्रसंग रंगवला. इथे चित्रकाराला रूपक बाहेरून आणावे लागत नाही, दरबारानेच ते मांडून ठेवले आहे. मत्स्यमुखांचा अर्थ समुद्रावरची सत्ता असा बहुतेक लावतात. पण माही-मरातब, म्हणजे माशाचे निशाण, हे मुघल दरबारातलेही मानचिन्ह होते, म्हणून 'आम्हीही तेवढेच सार्वभौम' असाही अर्थ निघतो. टिपण वाचले नाही तर तिथे चित्रकार सवयीने सिंह आणि मोर बसवून मोकळा होतो.

वॉशवाली
बडोदेकर म्हणतात रूपकासाठी नवे काही आणू नका. मग अवनींद्रनाथ टागोरांचे १९०५ चे भारतमाता हे चित्र? तिच्यामागे कथाच नाही. भगव्या वस्त्रातली एक स्त्री, चार हात, हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, जपमाळ आणि पांढरे वस्त्र. शिक्षण, अन्न, दीक्षा, वस्त्र. शस्त्र एकही नाही. चारही वस्तू घराघरातल्या, त्यामुळे रूपक लगेच पोचते.

तंत्रही अर्थाला धरून आहे. वॉशमध्ये पातळ जलरंग लावायचा, वाळू द्यायचा, कागद पाण्यात बुडवून सुटा रंग जाऊ द्यायचा, परत रंग. असे अनेकदा. सगळे रंग एकमेकांत मुरून एक धुके तयार होते आणि आकृती या जगातली वाटत नाही. बिघडते ते दोन ठिकाणी: आधीचा थर पुरता वाळायच्या आत कागद बुडवला तर डाग पडतात, आणि खळ कमी असलेला कागद तिसऱ्या-चौथ्या वेळी फुलतो, मग रेघ फुटते. शेवटची बारीक रेघ कोरड्या कागदावर पुन्हा घट्ट करावी लागते.

बडोदेकर
वॉशवाली, बरोबर. फरक एवढाच करतो: भारतमाता एकटी उभी आहे, तिथे वस्तूच सगळे बोलतात. जिथे कथा चालू आहे तिथे वर आणखी रूपकाची बाई उभी केली की दोन्ही एकमेकींच्या आड येतात.

ओवी
एका गोष्टीवर अजून कोणी बोलले नाही. मेंढरे मारून मग "लग्न लावून द्या तर उठवतो" ही बोली आहे. तिला गोड प्रेमकथा करून रंगवू नये. धनगरांच्या ओव्यांत देव चतुर आहे, खट्याळ आहे, पण बानूही मुकी नाही, ती भांडते, तोडून बोलते. चित्रात बानू मान खाली घालून लाजत उभी असेल तर ते कॅलेंडर झाले. मेंढरे तिची आहेत, म्हणजे नुकसानही तिचे आहे.

क्षण निवडताना फिनलंडच्या अक्सेली गालेन-काल्लेलाचे १८९७ चे चित्र आठवते. 'कालेवाला' या तिथल्या लोकमहाकाव्यातली आई, पुढ्यात मेलेला मुलगा. त्याला उठवणारा मध मधमाशी वरून आणणार आहे, पण अजून आलेला नाही. आई वर बघते आहे. चमत्कार दाखवलाच नाही आणि म्हणून चित्र पकडून ठेवते. इथेही भंडारा हवेत असावा, मेंढरांवर पडलेला नसावा. एखाद्याच मेंढीचा कान उभा झालेला चालेल.

चौकट
ओवी, हे मनापासून पटले. मुख्य प्रसंग हाच घेतो. बानू देवाकडे न बघता मेंढरांकडे बघते आहे. रेघ, तुमच्या प्रश्नालाही हेच उत्तर देतो.

आता रंगांचे सांगा. हवेतला भंडारा आणि काळी मेंढरे, दोन्ही अवघड आहेत.

तेलपाणी
आधी कापड. चार बाय सहाच्या चौकटीला मागे आडवी-उभी पट्टी हवीच, नाहीतर कोपरे पिळतात. पुण्याच्या पावसाळ्यात सरसाचा लेप हवेतले पाणी धरतो, कापड सैल पडते, उन्हाळ्यात ताणते, आणि या हालचालीने काही वर्षांत रंग तडकतो. त्यापेक्षा ॲक्रिलिकचा तळ द्या, दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात आडवा-उभा बदलून, मध्ये हलके घासून. मागून बुरशी येऊ नये म्हणून ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

भंडाऱ्यासाठी खरी हळद वापरायचा मोह होतो. हळदीचा रंग उजेडात झपाट्याने उडतो. जुन्या चित्रांतली हरताळ त्याहून टिकाऊ, पण ती सोमलाची, म्हणजे विषारी, आणि तांब्याच्या हिरव्या रंगाशी किंवा शिशाच्या पांढऱ्याशी जुळत नाही. कॅडमियम पिवळा अपारदर्शक आहे, भुकटीला शोभतो, फक्त वाळल्यावर कोरडा घासून धूळ नाकात घेऊ नका. मुख्य अडचण रंगाची नाही, छटेची आहे. फिक्या आकाशावर पिवळा दिसतच नाही, दोघांची उजळता जवळपास सारखी. मागे मध्यम गडद, जांभळट राखाडी डोंगर ठेवा, तो पुरता वाळू द्या, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने पिवळा ओढा. खालचा रंग मधूनमधून दिसला पाहिजे, तरच भुकटी वाटते.

मेंढरांसाठी ट्यूबमधला आयव्हरी ब्लॅक खाली थापू नका. तो तेल जास्त घेतो, सावकाश वाळतो आणि वर लवकर वाळणारा थर आला की भेगा पडतात. जळका अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून काळा करा. अंबरमुळे लवकर वाळतो, शिवाय थोडे इकडे-तिकडे करून उबदार आणि थंड काळे मिळतात, त्यामुळे पन्नास मेंढरांचा एकच डाग होत नाही. खालच्या थरांत झिंक व्हाइटही टाळा, तो कालांतराने ठिसूळ होतो. वर जाल तसे तेल वाढवत न्या.

चौकोन
रेखाटन कापडावर नेताना सहा-सहा इंचांचे चौकोन पाडले तर उभे आठ, आडवे बारा, एकूण शहाण्णव. सारीपाटाची घरेही तेवढीच: चार पट्टे, प्रत्येकी तीन ओळी, ओळीत आठ घरे. योगायोग सुंदर आहे!

पण ते चौकोन मोठ्या कापडावर जाण्याआधी हातभर कागदावर तीनच छटांत चित्र करून बघा: काळा, राखाडी, पांढरा. ते भिंतीला लावून दहा फुटांवरून बघायचे. तिन्ही प्रसंग वेगळे कळले नाहीत तर रंगांनीही कळणार नाहीत. मग ज्याला कथा ठाऊक नाही अशा माणसाला फक्त एवढेच विचारा, "आधी काय झाले असेल?" त्याने वरचा भाग दाखवला तर मांडणी जमली.

पिंगुळीची पोथी
सारीपाट निघाला म्हणून: लुडोचा पट काढू नका, चौपदरी कापडी पट काढा, आणि लांबट फासे. कवड्या पचिशीच्या. दोघे खेळत असतील तर प्रत्येकाकडे दोन रंगांच्या मिळून आठ सोंगट्या. म्हाळसेच्या आठही मध्यघरात पोचलेल्या दाखवल्या की डाव संपल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

खडूफळा
एक राहिलेच. चंदनपुरी मालेगावजवळ आहे. तुम्ही ती जेजुरीच्या पायथ्याला आणून ठेवताय.

लेणीवाला
आणतोय, जाणूनबुजून. कथेतले अंतर कोसांत नसते. फक्त माळाची माती आणि डोंगराचा दगड वेगळ्या रंगाचे ठेवा आणि मध्ये पायऱ्यांची एक रेघ ओढा, म्हणजे दोन मुलुख आहेत हे कळेल.

मंडळ-वाचक
वेशांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळातली जुनी चित्रे आणि डेक्कन कॉलेजमधला मराठा इतिहासाचा संग्रह बघा. पेशवाईतली भिंतचित्रे हवीत तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा. दिवट्या, बुधल्या, टाक यांसाठी केळकर संग्रहालय. जाण्याआधी रेखाटनाला परवानगी आहे का ते विचारून घ्या.

चौकट
सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: बालगंधर्व कलादालनासारख्या ठिकाणी लावताना शेजारी कथा लिहून ठेवावी का?

रेघ
पूर्ण कथा नको, लोक ती वाचतात आणि चित्राकडे नुसती खातरजमा करायला बघतात. नाव आणि एक ओळ पुरे: "बारा वर्षे, चंदनपुरी ते जेजुरी."

तेलपाणी
लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर ठेवा, म्हणजे खालची कड तीन फुटांवर येते. पायऱ्यांवरची बानू मध्यावर असल्याने तिचे डोळे बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतील. आणि वॉर्निश चकचकीत नको. काळ्या मेंढरांवर दिव्याची तिरीप पडली की निम्मा कळप दिसेनासा होतो. मॅट वॉर्निश घ्या, तेही रंग सहा महिने ते वर्षभर वाळल्यावर.